2027 पर्यंतचा करार हातात असताना बार्सिलोनाने कुबार्सीची पुन्हा सही का घेतली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बचावपटू पाउ कुबार्सीने मे 2024 मध्ये स्पेनच्या बार्सिलोना क्लबशी 2027 पर्यंतचा करार केला आणि वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी 2025 मध्ये, पुन्हा सही करून तो 2029 पर्यंत नेला. मधे ना काही वाद झाला, ना पोरगा कुठे निघाला होता. मग एवढी घाई कशाला? शिवाय तुमचा मुलगा नाशिकरोडला स्टॉपर (सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू) खेळतो, उद्या त्याच्यापुढे असा कागद आला तर त्यात काय बघायचं, हेही तुम्ही विचारलंय. दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

पहिलं कारण रुक्ष आहे. वय. कुबार्सीचा जन्म 22 जानेवारी 2007 चा, म्हणजे मे 2024 मध्ये तो 17 वर्षांचा. 18 वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार फिफाच्या नियमांत बसत नाही. कोणी लिहिलाच तर वरची वर्षं धरली जात नाहीत. तेव्हा 2027 ही तारीख क्लबने आवडीने निवडलेली नव्हती, त्यापुढे जाताच येत नव्हतं. जानेवारीत पोरगा 18 चा झाला आणि पुढच्याच महिन्यात नवा कागद तयार. पेपरात 'पुन्हा करारबद्ध' वाचलं की काहीतरी बिनसलं होतं आणि मग जुळलं असं वाटतं. इथे बिनसण्यासारखं काही नव्हतंच.

पण मग दोन वर्षं थांबून 2027 मध्येच करायचा की नवा करार, असं कोणीही म्हणेल. तिथेच खरी गंमत आहे. फुटबॉलमध्ये करार संपायला किती दिवस उरलेत यावर कोण कोणाला नाचवणार हे ठरतं. 1995 च्या युरोपीय न्यायालयाच्या बॉस्मन निकालापासून युरोपात करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला छदामही द्यावा लागत नाही. आणि करार संपायला सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी उघडपणे बोलून सहीसुद्धा करू शकतो. म्हणून शेवटचं वर्ष लागलं की क्लबच्या हातातली दोरी खेळाडूच्या हातात जाते. शहाणे क्लब ती वेळ येऊच देत नाहीत.

येऊ दिली तर काय होतं ते लिव्हरपूलला विचारा. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडे, जगातल्या उत्तम राइट बॅकमध्ये गणला जाणारा. त्याचा करार जून 2025 अखेर संपत होता आणि नवी सही काही झाली नाही. रियाल माद्रिदला तो क्लब वर्ल्ड कपसाठी महिनाभर आधी हवा होता, म्हणून तेवढ्यापुरते सुमारे 1 कोटी युरो मोजल्याच्या बातम्या आल्या. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या मानाने ही रक्कम म्हणजे चिल्लर. महिनाभर थांबले असते तर तीही वाचली असती. मला स्वतःला ट्रेंटचं काही चुकलं असं वाटत नाही. करार पूर्ण केला आणि गेला. पण क्लबच्या हिशेबाने तो मोठा फटका होता.

आता बचावपटूंचा वेगळा मुद्दा, जो बातम्यांत सहसा येत नाही. सोळा-सतरा वर्षांचा विंगर (कडेने चढाई करणारा) मोठ्या संघात दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. सेंटर बॅकला मात्र त्या वयात कोणी हात लावत नाही. विंगरने दहा वेळा चेंडू घालवला आणि एकदा गोल करवला तर टाळ्या पडतात, स्टॉपरने नव्वद मिनिटांत एकदा पाय चुकवला की गोल. त्यामुळे कोच तिथे पंचविशी-तिशीतले बाप्ये उभे करतात. कुबार्सी जानेवारी 2024 मध्ये, 17 वा वाढदिवस चार दिवसांवर असताना, पहिल्या संघातून उतरला आणि मार्चमध्ये नापोलीविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये सामनावीर ठरला. त्याचं वेगळेपण टॅकलमध्ये नाही. चेंडू पायात येण्याआधी तो मान वळवून दोन्ही खांद्यांमागे बघून घेतो, आणि समोरचा अंगावर आला तरी मागे गोलकीपरला न देता मधल्या फळीतल्या कोणाला तरी सरळ पास काढतो. रात्री दीडची मॅच जागून बघणाऱ्या आमच्या मैदानावरच्या पोरांना मी तेवढंच बघायला सांगतो. पोरं अर्थातच बार्सिलोनाचा विंगर यमाल याचे ड्रिबल बघतात.

असा पोरगा घरच्या अकादमीत तयार झाला की त्याची किंमत दुहेरी असते. बाहेरून घ्यायला गेलं तर मँचेस्टर युनायटेडने 2019 मध्ये मॅग्वायरसाठी 8 कोटी पाउंड मोजले होते. शिवाय सेंटर बॅक टिकतो फार. पेपे 2024 च्या युरो स्पर्धेत 41 व्या वर्षी खेळला, थियागो सिल्वा चेल्सीतून बाहेर पडला तेव्हा 39 चा होता. अठराव्या वर्षी हाती लागलेला चांगला स्टॉपर म्हणजे पंधरा वर्षांची सोय.

आर्सेनलचा सेंटर बॅक सालिबा बघा. 2019 मध्ये घेतला आणि पहिल्या तीन वर्षांतला बहुतेक काळ फ्रान्समध्येच लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडे उसना, काढला: सेंट एटिएन, नीस, मार्सेय. 2022-23 चा हंगाम त्याने गाजवला आणि जुलै 2023 मध्ये 2027 पर्यंतची सही झाली. तो करार संपायला दोन वर्षंही उरली नव्हती तेव्हा, सप्टेंबर 2025 मध्ये, पुन्हा सही, आता 2030 पर्यंत. मधल्या काळात रियालचं नाव रोज जोडलं जात होतं. क्लबने घड्याळ मागे फिरवून घेतलं, बस.

यात खेळाडूचं काय, हे विचारायला हवं. तर चेल्सीचा सेंटर बॅक लेव्ही कोलविल बघा. आठ वर्षांचा असल्यापासून तिथे, हडर्सफील्ड आणि ब्रायटनला लोनवर तयार झाला, ऑगस्ट 2023 मध्ये सहा वर्षांची सही. (पाच वर्षांची फिफाची मर्यादा देशाच्या कायद्यात मोकळीक असेल तर ओलांडता येते, इंग्लंडात ती आहे.) तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, एवढा लांबचा करार करून पोराने स्वतःला बांधून घेतलं म्हणून. ऑगस्ट 2025 मध्ये नव्या हंगामाच्या तयारीला लागताच त्याचा गुडघा गेला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध. करारात वर्षं शिल्लक असताना असं होणं आणि शेवटच्या सहा महिन्यांत होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लांबचा करार फक्त क्लबच्या सोयीचा असतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

रिलीज क्लॉजबद्दल, म्हणजे करार चालू असताना खेळाडूला न्यायचं तर भरायच्या ठरलेल्या रकमेबद्दल, एवढंच: कुबार्सीच्या 2024 च्या करारात 50 कोटी युरोचा आकडा होता. तो त्याचा भाव नाही, ते फाटकावरचं कुलूप आहे. 2017 मध्ये पीएसजीने नेमारचे 22.2 कोटी युरो खरोखर भरून त्याला नेला, तेव्हापासून बार्सिलोना कोणी भरणार नाही असाच आकडा लिहिते.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे करार हा शब्द आला की अन्वर अलीचं प्रकरण आठवावं. हाही सेंटर बॅकच. 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, 2019 मध्ये हृदयाचा आजार निघाला म्हणून खेळ थांबला, पुन्हा उभा राहिला. दिल्ली एफसीकडून मोहन बागानकडे चार वर्षांच्या लोनवर असताना 2024 मध्ये तो ईस्ट बंगालकडे गेला. एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) समितीने त्याला चार महिन्यांची बंदी घातली आणि त्याने, दिल्ली एफसीने व ईस्ट बंगालने मिळून मोहन बागानला 12.90 कोटी रुपये भरपाई द्यावी असं सांगितलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घेऊन सुनावणी पुन्हा घ्यायचं ठरलं. कोण बरोबर हा भाग सोडा. लोन, मूळ करार आणि पुढची सही या तीन कागदांत मेळ नसला की भोगतो खेळाडू.

नाशिकच्या पातळीवर रकमा लहान, पण कागद तेवढाच घातक असू शकतो. सातपूरला कारखान्यात असलेल्या एका वडिलांनी मला व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ दाखवली होती. मुलगा सोळाचा, लेफ्ट बॅक, शहराबाहेरच्या एका क्लबकडे वर्षभर खेळलेला, आणि आता 'पुन्हा करार' म्हणून हे आलेलं. दोन पानं. मुदत पाच वर्षं. मोबदल्याच्या रकान्यात आडवी रेघ. शेवटच्या ओळीत ना हरकत दाखला क्लबच्या मर्जीवर. खाली मुलाची सही मैदानावरच घेऊन टाकलेली, पालकाच्या सहीची जागा रिकामी.

या एका कागदात तीन गोष्टी गडबड होत्या. सोळाच्या मुलाला पाच वर्षं लावता येत नाहीत, तीनच. कुबार्सीला लागू झालेला तोच नियम. दुसरं, भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे अज्ञान मुलाने केलेला करार मुळात रद्दबातल, त्यामुळे मैदानावर घेतलेल्या त्या सहीला अर्थ नाही, पालकाशी बोलावंच लागतं. तिसरं, लेखी करार आणि खेळण्याच्या खर्चाहून जास्त मोबदला, या दोन्ही गोष्टी असतील तरच फिफा खेळाडूला व्यावसायिक मानते. रेघ मारलेला रकाना म्हणजे पगार शून्य आणि बंधन मात्र पाच वर्षांचं. वडिलांनी कागद परत पाठवून दोन वर्षांची मुदत, दरमहा रक्कम आणि दुखापतीचा खर्च कोण करणार हे लिहून मागितलं. क्लब बरेच दिवस गप्प बसला, मग दोन वर्षांचा कागद आला. रक्कम फार नाही, पण लिहिलेली आहे.

तुमच्या मुलाचं तसं काही आलं तर सगळ्यात आधी मुदतीची तारीख बघा आणि त्या दिवशी तो किती वर्षांचा असेल ते मोजा. मग पैसे, मग दुखापत, मग सोडायची अट. जर्सी कोणत्या ब्रँडची आणि हॉस्टेलला मेस कशी, हे नंतर. आणखी एक: मुलगा 12 वर्षांचा झाल्यापासून ज्या ज्या क्लबकडे खेळला तिथली नोंदणी एआयएफएफच्या ऑनलाइन प्रणालीत नीट आहे ना हे तपासून ठेवा. पुढे त्याने पहिला व्यावसायिक करार केला तर घडवल्याची भरपाई त्या क्लबांना मिळू शकते, ती या नोंदीवरच ठरते. आपल्या इथल्या छोट्या क्लबांना हे पैसे फार मोलाचे असतात, आणि ढिसाळ नोंदींपायी बुडतात.

राहता राहिला कुबार्सी. 2029 पर्यंत करार आहे म्हणून तो 2029 मध्ये तिथे असेलच असं नाही, आणि करार तोवर असाच राहील असंही नाही. सगळं सुरळीत चाललं तर 2027 च्या उन्हाळ्याच्या आसपास तिसरी सही, पगार वाढवून, असा माझा अंदाज आहे.