बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. छातीत डाव्या बाजूला गाठ, सोनोग्राफीत बायरॅड्स, म्हणजे फोटोवरून आलेल्या शंकेचा आकडा, ४ ए, शुक्रवारी सुईची बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढला, रिपोर्ट पुढच्या गुरुवारी. घरात फक्त मिस्टरांना माहीत आहे, नऊ वर्षांच्या मुलीला काय सांगावं कळत नाही, झोप उडाली आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "मला आतून वाटतंय की तेच आहे."

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण मलाही तसंच वाटलं होतं. दोनदा. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात ब्लाउज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करते. २०१६ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, माझ्या उजव्या बाजूच्या गाठीची बायोप्सी झाली. तेव्हा मला इतकी खात्री होती की कपाटातलं कुठलं डोरलं बहिणीला आणि कुठल्या बांगड्या होणाऱ्या सुनेला, हेही मनात वाटून झालं होतं. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता! रिपोर्ट आला, फायब्रोअॅडेनोमा. साधी गाठ. मग २०२१ मध्ये डाव्या बाजूला. तीच खात्री, पोटात तोच गोळा, पहाटे तीनला तीच जाग. रिपोर्ट आला, कॅन्सर. त्या दोन आठवड्यांची मी खूप वेळा तुलना केली आहे. सुताइतका फरक सापडत नाही. म्हणजे माझ्या मनाला दोन्ही वेळा काहीही कळलेलं नव्हतं, ते नुसतं घाबरलं होतं.

पुढे माझ्या ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांकडे, हे बोलले तेव्हा त्यांनी एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं, २००९ सालचा. बायोप्सीनंतरच्या दिवसांत स्त्रियांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं. ज्यांचा निकाल अजून यायचा होता त्यांचा आलेख ज्यांना कॅन्सर निघाला होता त्यांच्यासारखाच होता. शरीराला नुसतं न कळणंसुद्धा वाईट बातमीइतकंच जड जातं. मला हे ऐकून फार मोकळं वाटलं, कारण तोवर मी स्वतःला भित्री समजत होते. तुमचे हात थरथरत असतील, अन्न जात नसेल, तर त्यावरून गाठीबद्दल काही ठरवू नका. ते वाट पाहण्याचं आहे, गाठीचं नाही.

गाठीबद्दल आज तुमच्या हातात एकच खरी गोष्ट आहे, तो ४ ए. त्याचा अर्थ असा की अशा शंभर गाठी तपासल्या तर साधारण २ ते १० कॅन्सरच्या निघतात आणि बाकीच्या नाहीत. ४ बी आणि ४ सी मध्ये हा आकडा चढत जातो. माझी पहिली गाठ ४ ए होती, दुसरी ४ सी. "चारवर गेलंय म्हणजे तिसऱ्या-चौथ्या स्टेजचं" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, मला सांगितलं होतं, तर ते साफ चूक आहे. बायरॅड्सचा आकडा म्हणजे फोटो पाहून रेडिऑलॉजिस्टला किती शंका आली ते. स्टेजशी त्याचा संबंध नाही.

आता मला खरोखर कशाने आधार दिला ते सांगते.

पहिल्या वेळी बायोप्सीनंतर नर्सबाईंनी एक छोटी प्लास्टिकची बरणी माझ्या मिस्टरांच्या हातात दिली. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने माझं नाव आणि वय. आत फॉर्मेलिन, म्हणजे तुकडे टिकवणारं पाण्यासारखं औषध, आणि त्यात शेवयांच्या तुकड्यांसारखे चार-पाच पांढुरके धागे. "लॅबमध्ये नेऊन द्या," एवढंच. ते बरणी शर्टाच्या खिशात घालून, एका हाताने खिसा धरून स्कूटरवरून गेले. लॅबवाल्यांनी पावती दिली आणि सांगितलं, सहा दिवस लागतील. सहा दिवस! दोन मिलिमीटरचे धागे बघायला सहा दिवस कशाला लागतात? मला वाटलं, बरणी कुठल्या तरी टेबलावर पडून आहे आणि कुणाला काही पडलेलं नाही. त्या विचाराने मला गाठीपेक्षा जास्त छळलं.

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणारी एक मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिसऱ्या दिवशी ती माप द्यायला आली, माझा चेहरा बघून थांबली, आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसून तिने मला सगळं समजावलं. तुकडे आधी फॉर्मेलिनमध्ये पुरते मुरावे लागतात. घाई केली तर पुढच्या तपासण्या बिघडतात. मग त्यातलं पाणी काढायला एकापेक्षा एक तीव्र अल्कोहोलमधून, मग झायलीनमधून, मग वितळलेल्या मेणातून. हे बहुधा रात्रभर मशीनवर चालतं. सकाळी मेणाची वडी तयार होते, तिला ब्लॉक म्हणतात. त्या वडीचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. "काकी, एकाला एक जोडून रिबिनीसारखे निघतात ते," ती म्हणाली, "मग कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे, सुरकुती पडू द्यायची नाही, आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे." मग जांभळा आणि गुलाबी रंग द्यायचा, आणि मगच ती काच डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते. शंका असली तर त्याच वडीचे आणखी काप, वेगळे रंग, दुसऱ्या डॉक्टरांचं मत.

मी आयुष्यभर क्रेप आणि शिफॉनवर कात्री चालवलेली बाई आहे. घसरत्या कापडाची घाई करून चालत नाही हे मला कुणी सांगायला नको. त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्यातली ती पडून राहिलेली बरणी गेली. आज मेणात असेल, आज काप निघत असतील, असं मनात म्हणायची. भीती गेली नाही, पण तिला पाय टेकायला जागा मिळाली. तुमची बायोप्सी शुक्रवारी झाली आहे, मध्ये रविवार आहे, म्हणजे गुरुवार ही अगदी रास्त तारीख आहे. आणि गुरुवारी "अजून दोन दिवस" म्हणाले तर छाती दडपू देऊ नका. २०१६ मध्ये माझा रिपोर्ट दोन दिवस उशिराच आला होता आणि तो साधा होता.

रिकामे हात वाईट. बसून करायचं, डोळे आणि बोटं दोन्ही गुंततील असं काम काढा. मी त्या दिवसांत अकरा साड्यांना फॉल लावले, मशीनवर नाही, हाताने. दिवसभर भीतीला म्हणायचं, संध्याकाळी सहाला ये. सहा ते साडेसहा गच्चीवर जाऊन जे काय रडायचं, विचार करायचा, तो करायचा, आणि साडेसहाला खाली येऊन कुकर लावायचा. पहिले दोन दिवस जमलं नाही, तिसऱ्या दिवसापासून थोडं थोडं जमलं. पहाटे तीनला जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठा, दिवा लावा, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहा. मोबाइल मात्र हातात घेऊ नका. मी दुसऱ्या वेळी रात्री दोन वाजता किती टक्के बायका पाच वर्षं जगतात ते शोधत बसले होते, आणि तेव्हा मला कॅन्सर आहे की नाही हेच ठरायचं होतं. अगदीच असह्य झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, रात्रीही चालतो, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मी दुसऱ्याच माणसांशी बोलून निभावलं, पण माझ्या बहिणीने तिच्या एका वाईट काळात तो वापरला आहे.

जखमेचं थोडक्यात. बर्फ टॉवेलात गुंडाळून थोडा थोडा वेळ, घट्ट आधार देणारी ब्रा रात्रीसुद्धा, दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटॅमॉल, स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन नाही. काळं-निळं होतं, मग हिरवट-पिवळं होत जातं, ते घाबरण्यासारखं नाही. ताप, वाढती लाली, वाढती सूज किंवा दाबूनही न थांबणारं रक्त असेल तर मात्र गुरुवारची वाट न पाहता फोन करा. वर लेप लावणं, चोळणं, शेक देणं, काहीही करू नका.

आता माणसं. मिस्टर सोडून आणखी एका बाईला सांगा असं मी म्हणेन. एकीलाच, आणि जी सल्ले देणार नाही अशी बघून. सासूबाईंना आत्ता सांगितलं नाही म्हणून मनाला खाऊ नका, रिपोर्ट हातात आल्यावर एकदाच नीट सांगता येईल. मी पहिल्या वेळी चौघींना सांगितलं आणि चौघी मिळून मला त्यांच्या मावश्या-आत्यांचे किस्से ऐकवत बसल्या. शेजारच्या काकी तर म्हणाल्या, "सुई कशाला लावू दिलीस? सुई लागली की पसरतं." ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून ठासून लिहिते. सुईच्या बायोप्सीमुळे कॅन्सर अंगभर पसरत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलपासून सगळीकडे निदान पक्कं करायची पहिली पायरी हीच आहे. खरं नुकसान उलट्या वाटेने होतं. बायोप्सी न करता कुणीतरी घाईने गाठच कापून टाकतो, मग ती कॅन्सरची निघते आणि नीट ऑपरेशन पुन्हा करावं लागतं. तुम्ही सुई लावून घेतलीत ते योग्यच केलंत.

रिपोर्टची गोष्ट आज ठरवा. लॅबला फोन करून विचारा, रिपोर्ट कुणाकडे जाणार आणि किती वाजता. आजकाल रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येऊन पडते. माझा दुसरा रिपोर्ट तसाच आला. मी मोरीत भांडी घासत होते, ओल्या हाताने उघडला, आणि एक शब्द सोडून बाकी काही समजलं नाही. सकाळपर्यंतचे ते दहा तास माझ्या पूर्ण आजारपणातले सगळ्यात वाईट तास. नंतरच्या केमोपेक्षाही. म्हणून लॅबला सांगा, आम्ही येऊन घेऊ. गुरुवारीच संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा, मिस्टरांना सुट्टी टाकायला लावा, आणि पाकीट डॉक्टरांसमोरच उघडा. स्वतः वाचलाच तर एवढं लक्षात ठेवा, "निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी" म्हणजे कॅन्सर दिसला नाही. पण नंतरच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर, हर-टू यांच्यापुढे निगेटिव्ह-पॉझिटिव्ह लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तो नाही. ते कॅन्सर असल्यावर औषध कोणतं चालेल ते ठरवायला असतं. आमच्या जाऊबाई त्या निगेटिव्हवर पेढे आणायला निघाल्या होत्या, त्यांना परत बोलावताना माझा जीव तुटला. आणि पुन्हा बायोप्सी करू म्हणाले तर तेही वाईटच असं नाही, कधी तुकडा पुरेसा नसतो, कधी सोनोग्राफी आणि रिपोर्ट जुळत नाहीत. निकाल काहीही असो, ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडे सांभाळून ठेवायला सांगा. दुसरं मत घ्यायचं झालं तर त्याच लागतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार, की तेच निघालं तर? माझं निघालं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन झालं, दीड वर्ष गेलं, केस गेले आणि आले, आणि आता रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेते. ते दिवस कठीण होते, खोटं सांगणार नाही. पण त्यात पुढची तारीख ठरलेली असायची, समोर डॉक्टर असायचे, काय करायचं ते माहीत असायचं. तुम्ही आत्ता ज्यात आहात त्यात यातलं काहीच नाही. म्हणून हे दिवस जड आहेत, तुम्ही कमकुवत आहात म्हणून नाहीत.

राहिली मुलगी. तिला काही माहीत नाही असं समजू नका. तुम्ही डावा हात जपून उचलता, दार लावून फोनवर बोलता, हे तिने पाहिलेलं असणार. मी २०१६ मध्ये पोराला काही सांगितलं नाही आणि तो शाळेत गप्प गप्प राहायला लागला, बाईंनी बोलावून विचारलं तेव्हा कळलं. मग त्याला ओट्यापाशी बसवून सांगितलं, आईच्या छातीत एक गाठ आहे, डॉक्टरांनी तिचा छोटासा तुकडा तपासायला नेलाय, काय आहे ते परवा कळेल, कळलं की तुला सांगेन. कॅन्सर हा शब्द काढला नाही, पण खोटंही बोलले नाही. त्याने विचारलं, "दुखतं?" म्हटलं, थोडं. तो उठला, फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला, ओट्यावर आपटून चार खडे सोडवले आणि स्वतःच्या शाळेच्या रुमालात बांधून माझ्या हातात आणून दिले.