‘बीनीथ अ स्टील स्काय’ हा जुना गेम आज खेळण्यासारखा आहे का? कुठे मिळेल?

हो, नक्की खेळा. आणि फुकट आहे. १९९४ साली रिव्होल्यूशन सॉफ्टवेअरने काढलेला हा गेम २००३ मध्ये कंपनीनेच मोफत केला. स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या मोफत प्रोग्रॅमच्या साइटवरून उतरवून घ्या, त्याच प्रोग्रॅममध्ये तो विंडोजवर किंवा अँड्रॉइड फोनवरही चालतो. दोन आवृत्त्या दिसतील, त्यातली सीडीवाली घ्या. तिच्यात पात्रांचे संवाद ऐकू येतात.

कथा भविष्यातल्या ऑस्ट्रेलियातली. रॉबर्ट फॉस्टरला त्याच्या वस्तीतून उचलून युनियन सिटीत आणलं जातं, का ते त्यालाही ठाऊक नसतं. शहराचा कारभार लिंक नावाच्या संगणकाच्या हातात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शहराची उलटी रचना: कामगार वर, कारखान्यांच्या धुरात, आणि श्रीमंत खाली, जमिनीलगत. त्यामुळे आपण जसजसे खाली उतरतो तसतसं कारस्थान उलगडत जातं. सोबतीला जोई हा खवचट रोबो. त्याचा सर्किट बोर्ड काढून दुसऱ्या यंत्रात बसवता येतो, म्हणजे अंग बदलतं, जीभ तीच! सुरुवातीची कॉमिक चित्रं ‘वॉचमेन’ या कॉमिकचा चित्रकार डेव्ह गिबन्सची आहेत.

पात्रं आपापल्या कामाने फिरत असतात, त्यामुळे कधीकधी कोणाची तरी वाट बघत नुसतं उभं राहावं लागतं. तेवढं कंटाळवाणं. शिवाय फॉस्टर मरू शकतो, तेव्हा गेम वरचेवर सेव्ह करा. पुढचा भाग, ‘बियाँड अ स्टील स्काय’, २०२० मध्ये आला, पण तो थ्रीडी आहे. आधी हाच संपवा.