अलर्ट जिल्ह्याला, शेत तुमचं: पावसाळ्यातले तीन प्रश्न

या आठवड्यातल्या प्रश्नांपैकी तीन घेतले आहेत. एक माणदेशातला, एक पाटणच्या डोंगरातला आणि एक राजापूरच्या आंबा बागायतदाराचा. दुष्काळी पट्टा, घाट आणि किनारपट्टी. पिकं वेगळी, पाऊस वेगळा, पण तिघांची गाडी एकाच ठिकाणी अडली आहे. मोबाइलवर अलर्ट येतो, आपण दुकानात जातो आणि दुकानदार सांगतो ते करून मोकळे होतो.

माण तालुका: "टीव्हीवर सातारा जिल्ह्याला रेड अलर्ट दाखवला. मृगाचा एक पाऊस झालाय. बाजरी पेरून टाकू का? दुकानदार म्हणतो, थांबलात तर बियाणं मिळणार नाही."

पेरू नका. तो अलर्ट तुमचा नव्हताच. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरही येतं आणि म्हसवडही. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्याकडे 500 च्या आसपास. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतानाच रिकामे होतात, तुमच्या वाट्याला उरतो तो वारा. म्हणूनच हवामान खातं साताऱ्याचा घाट वेगळा धरून इशारा देतं. बातमी तुमच्यापर्यंत येईतो त्यातला 'घाट' गळून पडतो आणि राहतो तो जिल्हा.

अंदाजातले शब्दही नीट वाचा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या 100 पर्जन्यमापकांपैकी फार तर 25 ठिकाणी पाऊस. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे 75 च्या वर. 'जोरदार' म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे. 'तुरळक ठिकाणी जोरदार' एवढं ऐकून तिफण जोडायची नाही, कारण त्या पंचविसांत तुमचं शिवार असेलच असं नाही.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि मग जूनच्या मध्यापर्यंत अडखळला. मे महिन्यातला पाऊस बघून पेरायची घाई करू नका, असं तेव्हाही कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. बाजरी जुलैच्या मध्यापर्यंत पेरली तरी साधते. बियाणं संपेल ही भीती दुकानदाराची आहे, ती तुम्ही विकत घेऊ नका. दुबार पेरणीचं बियाणं तो आनंदाने विकेल.

आता माझा आग्रह. प्रत्येकाच्या शेतात पाऊस मोजायचा डबा हवाच. बाजारातला पर्जन्यमापक मिळाला तर उत्तम, नाहीतर वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा घ्या. झाड आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, खांबाला घट्ट बांधा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून किती मिलिमीटर ते बघा, लिहा आणि पाणी ओतून टाका. हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच बदलतो, म्हणजे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येतो. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे 4,000 लिटर पाणी. दहिवडीकडे एका आजोबांच्या गोठ्यात दिनदर्शिका टांगलेली बघितली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलने आकडा, कोरड्या दिवशी शून्य. पेरणी कधी करायची हे त्या आजोबांना कोणाला विचारावं लागत नाही.

रोजच्या आकड्यांची बेरीज 75 झाली की कुदळीने खणूनही बघा. वीतभर ओल लागली तर पेरा, सोबत तूर घ्या. पुढे पावसाने ओढ दिली तर कोळपं धरा. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे तुम्हाला मी सांगायला नको. ओल नसताना खताचा हप्ता मात्र टाकू नका. पीक कोमेजलं म्हणून युरिया देणं म्हणजे तहानलेल्याला मीठ चारणं आहे.

पाटण: "आठ दिवस झड लागलीय. भात लावून वीस दिवस झाले, पान पिवळं पडलंय. दुकानदार एकरी पोतंभर युरिया आणि वरून टॉनिक मारायला सांगतो."

ताई, टॉनिक नको. झडीत ऊन नाही आणि लावणीच्या वेळी दिलेलं नत्र, म्हणजे युरियातलं अन्नद्रव्य, वाहत्या पाण्याबरोबर खालच्या खाचरात गेलं, म्हणून पान पिवळं पडलं. आत्ता टाकलेलं पोतंही त्याच वाटेने जाईल. ऑरेंज किंवा रेड अलर्टच्या दिवशी युरियाचं पोतं उघडायचंच नाही.

उघडीप मिळाली की खाचरातलं पाणी काढा, बेणणी (तण काढणी) करून घ्या, मग युरिया द्या आणि बांध बुजवून टाका. सुधारित जातीला फुटव्याच्या वेळी एकरी 35 किलो युरिया पुरतो. तुमची खाचरं गुंठ्यांत आहेत, म्हणून गुंठ्याला 900 ग्रॅमच्या आत, वजन करून. मुठीने नको, पोत्याने तर नकोच. जास्त नत्राने भात काळाभोर, लुसलुशीत दिसतो, दुकानदारही तो फोटो चार जणांना दाखवतो. मग करपा येतो, तुडतुडे येतात आणि पीक लोळतं. करप्याचं औषध मिळतं त्याच दुकानात.

पुढच्या वर्षी युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे ही दोन खतं दाबून केलेल्या गोळ्या, वापरा. चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या) मध्ये एक गोळी, 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचायची. चिखलात दडलेलं नत्र पावसाने सहजासहजी जात नाही. खोचायला माणसं लागतात हे मान्य, पण घाटाच्या पावसात नत्र टिकवायला यापेक्षा चांगला उपाय मला दिसलेला नाही.

राजापूर: "गेल्या वर्षी मोहर कमी आला. दुकानदार यंदा कल्टार दुप्पट घालायला सांगतो. पाऊस थांबत नाही, कधी घालू?"

दुप्पट अजिबात नको. कल्टार म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल, त्याचं माप ठरलेलं आहे. झाडाचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर विस्तार मोजा, सरासरी काढा आणि दर मीटरला 3 मिलिलिटर. विस्तार 8 मीटर असेल तर 24 मिलिलिटर, त्यापुढे एक थेंब नाही. हे औषध मातीत बराच काळ राहतं. दुप्पट घातलं की नवी फूट आखडते, मोहर गुच्छासारखा दाटतो, आणि पुढची काही वर्षं झाड भरकटतं. रोगट, अशक्त आणि दहा वर्षांच्या आतल्या झाडांना तर घालूच नका. कल्टार घातलेल्या झाडाचं शेणखत आणि रासायनिक खत चुकवायचं नाही.

वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. मेघदूत ॲपवर आपल्या जिल्ह्याचा बघा आणि उघडिपीचे दिवस धरा. आधी बुंध्याभोवतीचं तण काढा, मग बुंध्यापासून फांद्यांच्या टोकापर्यंतच्या निम्म्या अंतरावर पहारीने 10 ते 12 सेंटीमीटर खोल 25 ते 30 छिद्रं पाडा आणि कल्टारचं पाण्यातलं द्रावण सारखं वाटून ओता. छिद्रात पावसाचं पाणी भरत असेल तर त्या दिवशी काम बंद.

तिघांनाही आणखी एक. 'हवामान खराब आहे, मारून ठेवा' या सल्ल्यावर पंप पाठीला लावू नका. आधी पान उलटून बघा, कीड किंवा रोग दिसला तरच औषध. झाकणाने मापू नका, माप लेबलवर छापलेलं असतं. तीन-चार औषधं एका पंपात कालवू नका, वाऱ्यात आणि भर उन्हात फवारू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही.

विम्याचं थोडक्यात: एक रुपयातला पीक विमा 2025 च्या खरिपापासून बंद आहे. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि नगदी पिकाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता पडतो. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी (मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद) हवी. आंब्याचा फळपीक विमा महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो, तुमच्या डब्यावर नाही. तारखा सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहाय्यक) घ्या.

दुकानदाराने चिठ्ठी लिहून दिली असेल तर औषध घ्यायच्या आधी ती मला दाखवा. बाटली उघडल्यावर आलात तर ती कोणी परत घेत नाही.