ती ओळ कोणत्याच रकान्यात नाही

ताई,
वय ६१. ३० वर्षं एका कंपनीत हिशेबाच्या वह्या सांभाळल्या, आता निवृत्त आहे. आजवर बटणांचाच साधा फोन वापरला. हल्ली घरातला प्रत्येकजण मागे लागलाय, अँड्रॉइड घे म्हणून. मी सवयीप्रमाणे कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे लिहून काढले. फायदे ११ भरले: नातवंडांना व्हिडिओवर बघणं, फोटो, नकाशा, रात्री झोप नाही आली तर गाणी, वगैरे. तोटे १७. रोजचं चार्जिंग, काच फुटायची भीती, बटणं नाहीत, तासन्‌तास त्यातच जाणार, आणि सगळ्यात वर फसवणूक. रोज कुणाचे ना कुणाचे पैसे गेल्याचं ऐकते. साध्या फोनवर मी निर्धास्त आहे. तसं माझं काही अडतही नाही. बँकेची कामं भाचा त्याच्या फोनवरून करतो, ओटीपी माझ्याकडे आला की मी त्याला फोनवर वाचून सांगते. गुणी पोर आहे. तर दोन्ही बाजू बघून सांगा, घेऊ की नको?
– रेघेवर अडकलेली

अहो, तुमच्या दोन्ही रकान्यांची बेरीज मी केलीच नाही. शेवटाकडच्या एका वाक्यापाशी थांबले ती थांबलेच. "ओटीपी माझ्याकडे आला की मी त्याला फोनवर वाचून सांगते." ही ओळ ना फायद्यांत आहे, ना तोट्यांत. 'माझं काही अडत नाही' याचा पुरावा म्हणून तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. सगळ्या पत्रात काळजी करण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही मला काही विचारलेलंच नाही.

३० वर्षं वह्या सांभाळल्यात. कधी कुणाच्या हातात सही केलेला कोरा चेक दिलात? वरिष्ठांनी मागितला असता तरी दिला नसतात. एखादा आकडा खोडावा लागला, तर शेजारी स्वतःची सही केल्याशिवाय तुम्ही पान उलटलं नसेल. अशी बाई आज आपली सही फोनवर मोठ्याने वाचून दाखवते, आणि निर्धास्त आहे म्हणते! मला राग आला, खरंच सांगते.

कारण ओटीपी ही सहीच आहे. बँक दाराला दोन कुलपं लावते. पहिल्याची किल्ली पासवर्ड, म्हणजे जे तुम्हालाच ठाऊक असायला हवं. दुसऱ्याची किल्ली तो सहा आकडी नंबर, जो तुमच्याच सिमवर येतो, म्हणजे जे तुमच्याच हातात असायला हवं. पहिली किल्ली भाच्याकडे आहेच, नाहीतर तो तुमच्या खात्यात शिरेल कसा? दुसरी तुम्ही तोंडाने पोचवता. बँकेला पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही. तिच्या लेखी ते सगळे व्यवहार तुम्ही स्वतः केलेत. उद्या काही बिनसलं तर 'आकडा मीच सांगितला होता' म्हणणाऱ्या माणसाला पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

भाच्यावर मी संशय घेत नाही. पण त्याचं कौतुकही माझ्याकडून होणार नाही. त्याला मावशीचं काम दोन मिनिटांत उरकता येत होतं आणि मावशीला ते शिकवायला दोन तास लागले असते. त्याने दर वेळी दोन मिनिटं निवडली. तुम्हीही त्याला तेच निवडू दिलंत.

मी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणून बघितला. भाचा फोनवर आहे. कानाशी टिंग वाजतं. तुम्ही फोन कानावरून काढता, चष्मा चाचपता, मेनू, मग मेसेज, मग इनबॉक्स. एवढ्याशा पडद्यावर चारच ओळी मावतात. तुम्ही खालचं बटण दाबत आकड्यांपर्यंत जाता, कारण तिकडे तो थांबलाय आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांचीच असते. मग मोठ्याने, एकेक आकडा: चार, शून्य, सात… तो पुन्हा म्हणून दाखवतो. "झालं, मावशी."

आता मला सांगा, त्या मेसेजात रक्कम किती होती? पैसे कुणाच्या नावावर चालले होते? पैसे भरण्यासाठीचा ओटीपी असला, तर बँका बहुधा हे दोन्ही त्याच मेसेजात लिहितात. शिवाय 'हा नंबर कुणालाही सांगू नका' असंही लिहितात. तुम्ही ते सगळं ओलांडून फक्त सहा आकडे उचललेत. ज्या बाईने आयुष्यभर रक्कम आणि नाव पडताळल्याशिवाय पावती फाडली नाही, तिने!

आणि भाचा कितीही सज्जन असो, खरं नुकसान वेगळंच झालंय. तुम्हाला सराव झालाय. फसवणाऱ्याला तुमचा फोन फोडायचा नसतो. तुमचं नाव, कार्डाचा नंबर, कधी जन्मतारीखही त्याने कुठून तरी मिळवलेली असते. अडलेलं असतं ते शेवटच्या सहा आकड्यांवर. त्याला हवं असतं असं माणूस, ज्याला आकडा आला की तो वाचून दाखवायची सवय आहे.

माझ्या आत्याचं हेच झालं. तिचा मुलगा दुसऱ्या गावी, तो असाच फोनवर आकडे विचारून तिची बिलं भरायचा. एका दुपारी अनोळखी फोन आला. बँकेतून बोलतोय, कार्ड बंद पडणार आहे, आत्ता एक नंबर येईल तो सांगा. तिने सांगितला. मी नंतर तिला विचारलं, अगं, शंका कशी नाही आली तुला? ती बिचारी माझ्याकडे बघत म्हणाली, "आकडा आला की सांगायचाच असतो ना?" तिच्या हातात बटणांचाच फोन होता. तिचा तो चेहरा आठवला की आजही माझ्या पोटात कालवतं, म्हणून तुमच्याशी इतकं कडक बोलतेय.

तेव्हा 'साध्या फोनवर निर्धास्त' हे तुमच्या मनातून काढून टाका. फसवणारा फोनवर बोलतो, आणि बोलणं दोन्ही फोनांवर सारखंच चालतं. कुणी तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेतलं, तर ओटीपी त्याच्याकडे जायला लागतील. तिथेही बटणं तुम्हाला वाचवणार नाहीत. (विनाकारण नेटवर्क गेलं आणि बराच वेळ आलंच नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून सिमच्या कंपनीला आणि बँकेला लगेच कळवायचं. हे कुठल्याही फोनसाठी लक्षात ठेवा.) आता तर माणसाच्या बोलण्याचा छोटासा नमुना घेऊन त्याचा आवाज हुबेहूब काढता येतो. उद्या भाच्याच्याच आवाजात "मावशी, आलेला नंबर सांग गं" असं कुणी म्हणालं, तर तुम्ही काय कराल ते तुम्हालाही माहीत आहे.

अँड्रॉइड घेतल्यावर एक धोका मात्र खरोखर नवा येतो. तो तुमच्या यादीत नाही, म्हणून मी सांगते. एखादा मेसेज येतो, 'बिल थकलंय, खालचं ॲप टाका'. ते ॲप फोनमध्ये शिरतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं, तुम्ही 'अनुमती द्या' दाबता, आणि मग ओटीपी तोंडाने सांगायचीही गरज उरत नाही. ते ॲपच तो वाचून भलतीकडे पाठवतं. दुसरा प्रकार असा, की फोनवरचा गोड बोलणारा माणूस एक ॲप घ्यायला लावतो आणि तुमचा अख्खा स्क्रीन त्याला तिकडे दिसू लागतो. पण यातलं काहीही फोनने परस्पर होऊ दिलेलं नसतं. अँड्रॉइडच्या २०१५ मधल्या ६.० आवृत्तीपासून ॲपला मेसेज, कॅमेरा, माइक यांची परवानगी वापराच्या वेळी स्वतंत्र मागावी लागते. २०१७ च्या ८.० पासून प्ले स्टोअर या गूगलच्या ॲपच्या दुकानाबाहेरून आलेलं ॲप टाकायचं, तर ते जिथून उघडताय त्या प्रत्येक ॲपला ती मुभा वेगळी द्यावी लागते. म्हणजे दारावर दोनदा थाप पडते आणि दोन्ही वेळा कडी आतूनच निघते. तुम्ही ॲप घ्याल ते प्ले स्टोअरमध्ये स्वतः नाव शोधून. कुणी पाठवलेल्या दुव्यावरून नाही, कुणी फोनवर सांगितलं म्हणून तर नाहीच नाही. प्ले स्टोअरमध्येही कधीमधी वाईट ॲप घुसतं, पण मेसेजातून आलेल्या फायलीपेक्षा ते दार कितीतरी भक्कम आहे.

बाकीच्या १६ तोट्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. चार्जिंग रोज करावं लागेल, हे खरं आहे. काच फुटू शकते, कव्हर घाला. वेळ जाईल की नाही हे तुमच्या हाताला विचारा, फोनला नाही. बटणांचं म्हणाल, तर २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला तेव्हा त्यालाही बटणं होती. स्क्रीन बाजूला सरकवला की खालून अख्खा कीबोर्ड निघायचा. स्क्रीनवर टाइप करायची सोय पुढच्या वर्षी, १.५ या आवृत्तीत आली. लोकांच्या बोटांनी ते शिकून घेतलं, तुमचीही घेतील. आणि नाहीच जमलं, तर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, तो लिहितो.

एक नोंद मात्र तुमच्या यादीत हवी होती. हिशेबाच्या बाईने ती कशी सोडली, याचं मला नवल वाटतं. फोनला मुदत असते. २०१५ च्या ऑगस्टपासून गूगल अँड्रॉइडच्या सुरक्षेची दुरुस्ती बहुतेक दर महिन्याला जाहीर करतं, पण ती तुमच्या फोनपर्यंत किती वर्षं पोचणार, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ या फोनसाठी ७ वर्षांचं वचन दिलं, पुढच्या वर्षी सॅमसंगने एस २४ या फोनसाठी तितकंच दिलं. कितीतरी फोनांना याच्या निम्मंही मिळत नाही. घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते राहू द्या. 'सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत?' एवढं विचारा आणि ते वर्ष कागदावर लिहून घ्या. जुना शिल्लक साठा स्वस्तात मिळत असेल, तर त्याच्या मुदतीतली बरीच वर्षं आधीच सरलेली असतात.

तर घ्या. 'घ्यावा का' हा विचार आता संपवा. नातवंडं, गाणी, नकाशा हे सगळं आपसूक मिळेल. मी घ्या म्हणतेय ते तुमची सही तुमच्या हातात परत यावी म्हणून.

आणि घेतल्यावर तो चालू कसा करायचा, हेही ऐका. भाच्याला बोलवा. तो शेजारी बसेल, हात स्वतःच्या मांडीवर ठेवून. स्क्रीनला बोट लागेल ते तुमचंच. गूगल खातं तुमच्या नावाचं, त्याचा पासवर्ड तुम्ही ठरवलेला, खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर तुमचा. 'मावशी, सध्या माझंच खातं टाकतो, नंतर बदलू' असं तो म्हणेल. नाही म्हणा. तसं केलंत तर तुमचे फोटो, तुमचे नंबर, हरवलेला फोन शोधायची आणि लांबून बंद करायची सोय, सगळं त्याच्या नावावर जाईल. स्क्रीनलॉकचा पिन टाकताना त्याला खिडकीबाहेर बघायला सांगा. लाजू नका. तुम्ही तिजोरी उघडताना शेजारी कुणी उभं राहिलं असतं का?

मग सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरं मोठी करा, अगदी सगळ्यात मोठी केलीत तरी चालतील. लॉक केलेल्या स्क्रीनवर मेसेजातला मजकूर दिसू नये, अशी सोय सूचनांच्या सेटिंगमध्ये असते, तीही करून घ्या; नाहीतर टेबलावर पडलेल्या फोनवरून कुणीही आकडा वाचेल. त्यानंतर बँकेचं ॲप, आणि त्यात पहिलं काम पासवर्ड बदलणं. नवा पासवर्ड भाच्याला सांगायचा नाही.

शेवटी एक बिल भरा, लहानसं. टिंग वाजेल. मेसेज उघडा. या वेळी वरून सुरुवात करा: रक्कम, मग नाव, मग आकडे. ओठ मिटलेले ठेवा. बोटाने टाका. पहिल्यांदा वेळ निघून जाईल, हरकत नाही, दुसरा नंबर मागवता येतो. तिसऱ्यांदाही निघून गेला तरी भाच्याने हात मांडीवरच ठेवायचे.

तोवर वाट बघत बसू नका. हे वाचून झालं की त्याला फोन करा, त्याच बटणांच्या फोनवरून, आणि सांगा: "बाळा, इथून पुढे मी तुला नंबर सांगणार नाही. रविवारी ये, मला शिकव."