हार्डवुडची कूज अभ्यासताना आरंभी काय पाहावे

लिग्निनच्या, म्हणजे लाकडाच्या पेशीभित्तींना कडकपणा देणाऱ्या द्रव्याच्या, टक्केवारीवरून निष्कर्ष काढू नका. नवशिक्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. आधी त्याची घडण पाहा. हार्डवुडच्या, म्हणजे रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाच्या, लिग्निनमध्ये मुख्यतः सिरिंजिल आणि ग्वायसिल ही घटक-एकके असतात. सिरिंजिलवर मेथॉक्सी गट (ऑक्सिजनला जोडलेला मिथिल गट) 2 असल्यामुळे त्याची जोडणी तुलनेने सैल राहते आणि पांढऱ्या कुजीच्या (लिग्निनही फोडणाऱ्या) बुरशा ते लवकर फोडतात, तर ग्वायसिल चिवट ठरते. बर्चच्या कुजलेल्या तुकड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरा: तंतूंच्या भिंती विरलेल्या असतानाही ग्वायसिलबहुल वाहिन्या (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) पुष्कळदा शाबूत दिसतात. हे दृश्य मला आजही थक्क करते.

तपकिरी कुजीला हा नियम लावू नका. ती सेल्युलोज (पेशीभित्तीतले तंतुमय द्रव्य) खाते आणि लिग्निन बदललेल्या रूपात मागे ठेवते. अंतःकाष्ठाचा (खोडाच्या आतल्या जुन्या लाकडाचा) टिकाऊपणा लिग्निनपेक्षा पुष्कळदा अर्कद्रव्यांमुळे (त्यात साठलेल्या, कुजीला रोखणाऱ्या रसायनांमुळे) असतो, म्हणून पहिले नमुने रसकाष्ठाचेच (बाहेरच्या कोवळ्या लाकडाचेच) घ्या. एन्झाइमांचा तपशील तूर्त बाजूला राहू द्या.