आधी दार, मग स्पीकर

प्रश्न : छोटी हॅचबॅक आहे. पुढच्या दारांसाठी दुकानदार साडेसहा इंची ‘३०० वॉट’चे स्पीकर दाखवतोय. स्टिरिओ कंपनीचाच ठेवला तर चालतील का? (मानेवाडा)

उत्तर : चालतील, पण खोक्यावरचे ३०० विसरा. तो क्षणभराचा कमाल आकडा. कामाचा आकडा आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॉट, आणि तो त्याच खोक्यावर बारीक अक्षरात ४० ते ६०च्या आसपास सापडतो. स्टिरिओचीही तीच गत. वर ‘५० x ४’ छापलं असलं तरी बारा-चौदा व्होल्टवर चालणाऱ्या त्या चिपमधून स्वच्छ आवाजाचे १५ ते २० वॉटच निघतात. त्यामुळे तुमच्यासाठी महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेत स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जितक्या आवाजासाठी ४० वॉट लागतात, तितका आवाज ९२ डेसिबलवाला १६ वॉटमध्ये काढतो. मात्र ती १ वॉटवर मोजली की २.८३ व्होल्टवर, तेही वाचा. चार ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट. आकडा फुकटात ३ने फुगतो.

पैसे देण्याआधी काच पूर्ण खाली करून स्पीकरच्या जागेपासून काचेपर्यंतची खोली मोजा. मॅग्नेटला काच घासली तर दोन्ही जातात.

प्रश्न : चांगले महागाचे कोएक्सिअल (मधोमध ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर असलेले) बसवले, तर बास कंपनीच्या स्पीकरपेक्षाही कमी! दुकानदार म्हणतो, ॲम्प (ॲम्प्लिफायर) घ्या. (हिंगणा रोड)

उत्तर : ॲम्प थांबवा. आधी बॅलन्स पूर्ण एका बाजूला फिरवा. एकच बाजू वाजताना बास वाढला, तर एका दाराच्या वायरी उलट लागल्या आहेत : एक शंकू बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि बास मारला जातो. खात्री करायला स्टिरिओमागचा कपलर (वायरींचा प्लग) काढून त्या दाराच्या वायरींच्या जोडीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर शंकू बाहेर उडी मारतो.

पोलॅरिटी बरोबर असेल तर दोष दाराचा. शंकूच्या मागून निघणारी लाट पुढच्या लाटेच्या उलट असते. स्पीकर ज्या रिंगवर (स्पेसरवर) बसतो तिच्याभोवतीच्या फटीतून किंवा आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांतून ती पुढे आली की बास तिथेच संपतो. कंपनीचा स्पीकर त्याच्या प्लास्टिक चौकटीसह दारात घट्ट बसतो. नवा गोल स्पीकर लोकल रिंगवर दोन स्क्रूंनी टांगला की चारी बाजूंनी हवा गळते. स्पेसर एबीएस प्लास्टिकचा घ्या. एमडीएफची रिंग दारात उतरणारं पावसाचं पाणी पिऊन फुगते, स्क्रू सैल पडतात आणि श्रावणापर्यंत खडखड सुरू. रिंगच्या दोन्ही अंगांना फोमची पट्टी हवीच.

मग डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर मारणं. ॲल्युमिनियम फॉइलवाली २ मिलिमीटरची ब्यूटाइल (चिकट रबर) शीट, दर दाराला साधारण ६ ते ८ चौरस फूट. बाहेरचा पत्रा आतून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, स्पीकरच्या मागच्या भागापासून सुरुवात करा, रोलर दाबून फिरवा. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, तीसेक टक्के झाकला तरी तो झणझणायचा थांबतो. उरलेल्या शीटने आतल्या पत्र्याची भोकं बंद करा. काचेची यंत्रणा अडकणार नाही हे बघा, आणि दाराच्या तळाची पाणी जायची छिद्रं मोकळी ठेवा. ती बुजली की दार आतून गंजतं.

स्वस्त म्हणून डांबरी शीट घेऊ नका. मे अखेरच्या नवतप्यात पार्किंगमधल्या बंद गाडीत ती मऊ होते, वास मारते आणि सुटून काचेच्या रुळात पडते. अजून एक : पॅनेलमागचा पातळ प्लास्टिकचा पडदा कारागीर फाडून फेकतात. तो पाणी अडवण्यासाठी असतो. ब्यूटाइलच्या दोरीने तो परत चिकटवून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट ओलं. एवढ्यावरही बास कमी वाटला, तरच ॲम्प.

प्रश्न : कंपनीची टचस्क्रीन आणि वॉरंटी दोन्ही ठेवून ५० वॉट x ४चा ॲम्प लावायचा आहे. (वर्धा रोड)

उत्तर : हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्या, तो सिग्नल थेट स्पीकरच्या वायरींवरून घेतो. त्या वायरी कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर-टू-कपलर हार्नेस (मध्ये जोडायचा तयार वायरींचा संच) मिळतो. तो काढला की गाडी पूर्ववत. तरी वॉरंटीच्या अटी आधी वाचाच.

वीज थेट बॅटरीवरून. क्लास डी ॲम्प पूर्ण २०० वॉट देताना १८ ते २० ॲम्पिअर ओढतो, म्हणून ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणि ३० ॲम्पिअरचा फ्यूज. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर असेल तर एक माप जाड, म्हणजे ६ गेज (आकडा लहान तितकी वायर जाड). फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. तो ॲम्पजवळ लावला, तर मधली वायर पत्र्याला घासल्यावर तिला कोण वाचवणार? बोनेटमधून केबिनमध्ये येताना भोकात रबरी ग्रोमेट (कडेचं कडं) हवाच.

ॲम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी असतो. स्पीकर सोडवा, बास-ट्रेबल शून्यावर, फिल्टर बंद, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर. ६० हर्ट्झचा टोन लावून ॲम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसीवर ठेवा आणि १४.१ व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा. चार ओहमवर ५० वॉट म्हणजे तेवढेच व्होल्ट. मग स्पीकर जोडून हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर. ट्विटर जळतात ते बहुतेक वेळा गेन पिळून काढलेल्या, क्लिप झालेल्या (ॲम्पच्या कुवतीबाहेर जाऊन फाटलेल्या) आवाजाने.

प्रश्न : ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी. (जरीपटका)

उत्तर : ॲम्पच्या आरसीए पिना (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या) काढा. शिट्टी थांबली तर दोष ॲम्पच्या आधी, स्टिरिओकडच्या बाजूला : आरसीए आणि पॉवरची वायर एकाच कडेने नेली असेल, त्या वेगळ्या कडांनी न्या. थांबली नाही तर ॲम्पचं अर्थिंग. रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर बोल्टने आवळा, वायर दीड फुटाहून लांब नको.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर नेहमी जाणं असतं. मागे ६ x ९चे ओव्हल घ्यावेत की सबवूफर? (बेसा)

उत्तर : सबवूफर. काँक्रीटच्या रस्त्यावर टायरची घरघर खालचे सूर गिळते, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि कान किटतात. सीटखाली बसणारा आठ इंची ॲक्टिव्ह सब (ॲम्प आतच असलेला), लो-पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर, पुरेसा आहे. ओव्हलनी आवाज पाठीमागून येऊ लागतो, आणि हॅचबॅकच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर बसवले तर गाण्यापेक्षा ट्रेच जास्त वाजतो.