चौथ्या पानावर सही करण्याआधी

प्रिय पोरा,

ऑफर लेटरचे फोटो मिळाले. रोटो आर्टिस्ट म्हणून, म्हणजे सिनेमाच्या चित्रातली माणसं-वस्तू संगणकावर कापून वेगळी करायला, मुंबईला निघालास, फार आनंद झाला. पण चौथं पान वाचून जीव खाली-वर झाला. दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड, वर मूळ प्रमाणपत्रं जमा! सही इतक्यात करू नकोस.

आपल्याकडे निंदणी उक्ती दिली की पैसे आधीच ठरतात. समज, बाया अर्ध्यावर आल्या आणि मालकाने आणखी दोन बिघे दाखवले, पैसे मात्र तेवढेच. व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातली दृश्यं संगणकावर घडवण्याच्या या धंद्यात, हे रोजचं आहे. काम मिळवायला स्टुडिओ एकमेकांपेक्षा कमी भाव लावतात, उक्तं उचलतात. पुढे दिग्दर्शकाचं मन बदललं की वाढीव काम फुकटात, आणि त्यासाठी रात्री जागतात तुझ्यासारखी पोरं. मीही हेच काम केलंय. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम, म्हणजे १२० सुटी चित्रं. नायिकेचे मोकळे केस एकेक फ्रेम कापत मी तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी तो शॉटच सिनेमातून उडाला. त्या रात्रींचा एक रुपया मिळाला नाही, कारण हजेरीत ते तास लिहिलेच नव्हते. तू तास रोज वहीत लिही, तारखेसकट.

काम उत्तम असलं की पगाराची चिंता नाही, असंही नाही रे. ‘लाईफ ऑफ पाय’ सिनेमातला वाघ घडवणारी रिदम अँड ह्यूज कंपनी २०१३ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली, आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही मोठी व्हीएफएक्स कंपनी कोसळली, तेव्हा बंगळूर-मुंबईतली हजारो माणसं घरी बसली.

पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघ. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. आमच्या स्टुडिओने ती भरणं थांबवलं होतं. मी पासबुक बघितलंच नाही, नाहीतर स्टुडिओ अडचणीत आहे हे आधीच कळलं असतं. शेवटचे तीन पगार बुडाले.

क्लासची फी अण्णांनी केळीच्या पैशातून भरली. आता खोलीच्या डिपॉझिटसाठी आईची पोत मोडू देऊ नकोस. पहिले दोन महिने माझ्या भाच्याच्या खोलीवर राहा, मी बोललोय त्याच्याशी.

एचआरला ईमेलवरच विचार: ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स चालतील का? उत्तर लेखी घे. शनिवारी सकाळच्या यावल गाडीने जळगावला ये, सगळे कागद घेऊन. चौथं पान आपण दोघं बसून वाचू.

तुझा,
काका